पाचव्या कडव्याचा मान

पारोळ्यात मिशनच्या ओळीत अकरा घरं, आणि त्या अकरा घरांत एकोणीसशे सतरापासून नाताळ आलाच नव्हता. म्हणजे तारखेने येत होता. करंज्या तळल्या जात होत्या, पताका लागत होत्या, धुळ्याहून पाळकसाहेब टांग्याने येऊन पोटभर जेवून जात होते. पण तो आला असं भर मंडळीत म्हणायचा मान तानुबाईचा, आणि तानुबाई तोंड उघडत नव्हती.

ही मानाची भानगड आधी सांगायला हवी, नाहीतर वाचणारा म्हणेल, दुसऱ्या कुणी का नाही म्हटलं.

तानुबाईचा नवरा पुना मिशनची बैलगाडी हाकायचा. संवत छप्पनच्या, म्हणजे एकोणीसशे सालच्या दुष्काळात मिशनच्या खिचडीच्या रांगेत उभा राहिला तो तिथेच राहिला, बाप्तिस्मा झाला, गाडी मिळाली. चर्चला ओळीत देऊळच म्हणत. तिथली छापील गीतं मडमसाहेबांच्या पेटीवर चालत. ती गाताना ओळीतली माणसं उभ्या उभ्या डुलक्या घेत, आणि मडमसाहेबांना वाटे, भक्तीत डोळे मिटलेत. पुनाला ते बघवेना. त्याने धुळ्याच्या रस्त्याला बैलांना ऐकवत ऐकवत एक गीत जुळवलं, आईच्या जात्यावरच्या चालीत. बैलांनी हरकत घेतली नाही, तेव्हा मंडळीत आणलं.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, येणाऱ्याची वाट पाहायचे दिवस. पुनाचं म्हणणं असं की पाहुणा एरंडोलला असताना पारोळ्यात "आला आला" म्हणून नाचणं बरं नव्हे. म्हणून पहिल्या रविवारी एकच कडवं, दुसऱ्याला दोन, असं वाढवत चौथ्याला चार. आणि पाचवं, तो आला म्हणणारं, फक्त नाताळच्या सकाळी. एरवी घरात गुणगुणायचंसुद्धा नाही. एकीने ओळ द्यायची, मंडळीने मागून उचलायची. पुनाचा आवाज रिकाम्या हंड्यात बोलल्यासारखा होता, म्हणून ओळ देणं पहिल्यापासून बायकोकडे आलं, आणि चार-पाच वर्षांत त्याचा मान झाला. आता मान म्हणजे मान. पोळ्याला ज्याचा मान त्याचाच बैल पहिला वेशीतून जातो, मग तो लंगडा का असेना. ओळीतल्या लोकांनी देव बदलला, सणवार बदलले, काहींनी नावं बदलली. मान मात्र कुणी बदलला नाही. तानुबाई म्हणत नाही तर पाचवं कडवं राहिलं तर राहिलं, दुसऱ्याच्या मानाला हात लावायचा नाही. पाळकसाहेबांनी एकदा दटावून पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणीही तोंड उघडलं नाही.

ही बाई आधी अशी नव्हती. मेहरूणच्या तळ्याकाठची मुलगी, जीभ अशी की समोरच्याने आधी पदर सावरावा. ओळीच्या टोकाला तिचं घर आणि भिंतीला भिंत लागून कमलबाईचं. कमलबाई म्हशीवाली, हिंदू, पहाटे गावाआधी उठणारी आणि गावाआधी सगळं कळणारी. दोघींचं भांडण म्हणजे गल्लीला फुकटचा तमाशा. आगमनकाळ लागला की कमलबाई भिंतीवरून विचारायची, "तुना देवले येवाले मुहूर्त लागस का वं, अक्का? चार रविवार काय करी राहिना तो?"

तानुबाई चुलीपुढून न उठता सांगायची, "तुना देवले जागा कराले ढोल लागस. मना देव चालत येस, टाइम लागनारच."

मग दोघी हसायच्या आणि ताकाचा तांब्या भिंतीवरून इकडे यायचा.

पुना मुलाचं लग्न बघून, म्हणजे पंधरा साली, गेला. गाडी उलटण्याचं निमित्त. तानुबाई महिनाभर रडली, मग सावरली, कारण मुलगा होता. सुकदेव त्याचं नाव, बापासारखाच जनावरांत रमणारा. सोळा साली लढाईवर खेचरं हाकायला माणसं घेत होते, तो समुद्रापार बसऱ्याला गेला. घरात राहिली तानुबाई आणि सतरा वर्षांची सून, कुंदा. पोऱ्याने जाताना आईला सांगितलं की पुढच्या वर्षी नाताळला ओळीतच असेन, तुझ्यामागून पाचवं कडवं मीच सगळ्यांत मोठ्याने उचलीन.

सतराच्या नाताळला तानुबाई उभी राहिली, चारही कडवी दिली. मंडळीने उचलली. मग तिने पुरुषांच्या बाजूला पाहिलं. सुकदेवची जागा रिकामी होती, चटई तेवढी दिसत होती. "आला" हा शब्द तिच्या घशापाशी आला आणि थांबला. जो आला नाही त्याला आला कसं म्हणायचं? ती खाली बसली. सगळ्यांना वाटलं, घेरी आली.

वैशाखात सरकारी कागद आला. सुकदेव एका आजारी तुकडीबरोबर होता, ती तुकडी बसऱ्याच्या दवाखान्यात पोचल्याची नोंद नाही, शोध लागला नाही, बहुधा मयत. भाईदास मास्तरांनी कागद वाचून दाखवला. भाईदास म्हणजे मिशनच्या शाळेचे मास्तर, पाळकसाहेब नसताना मंडळी चालवणारे, सज्जन आणि भित्रे. तानुबाईने विचारलं, 'बहुधा' म्हणजे काय. मास्तर म्हणाले, म्हणजे खात्री नाही. तिने कागद घेतला, घडी घातली आणि पिठाच्या डब्याखाली ठेवला. कागदाखालच्या पोचपावतीवर अंगठा उठवला नाही, रडली नाही. उठून अंगण झाडू लागली.

तेव्हापासून ती झाडतच होती. पुनाचं गीत ती बारा महिने करत होती, असं म्हटलं तरी चालेल. पहिलं कडवं असं होतं:

झाडा गे अंगण, वेचा गे काटे,
येणार धनी तो याच गे वाटे.

ती झाडायची आणि काटे वेचायची. दुसऱ्या कडव्यात माठ भरून ठेवायला सांगितलं होतं, दुरून येणारा तहानलेला असेल म्हणून. माठ भरलेला असायचा. तिसरं तिला सगळ्यांत जवळचं:

विझू न द्या गे दारीचा दिवा,
जागत्या घराला लाभे विसावा.

दाराबाहेर भिंतीतल्या देवळीत पणती. रोज दिवेलागणीला पळीभर तेल, नवी वात. सकाळी फटफटल्यावर उठायची, पणती जळत असलेली बघायची आणि बोटाने वात शांत करायची. बस्स. मग दिवस सुरू. चौथ्या कडव्यात, कधी येणार हे पुसू नका, घाई करू नका, असं होतं. तेही ती पाळत होती. कुणालाच काही पुसत नव्हती.

गल्लीने थट्टा करून पाहिली, की तानुअक्काकडे बारमाही आगमनकाळ चालू आहे. थट्टा तिच्यापर्यंत पोचायचीच नाही. कमलबाईने देवाच्या मुहूर्ताचं विचारलं तर तानुबाई नुसतं तिच्याकडे बघायची, जसं म्हशीकडे बघावं. मग कमलबाईनेही विचारणं सोडलं. भाजीत दोनदा मीठ पडलं तरी तानुबाई तशीच जेवायची. एकदा तव्यावर मनगट टेकलं, आणि कातडी करपल्याचा वास आला तेव्हा तिने इकडे तिकडे पाहिलं, काय जळतंय म्हणून. कुंदाने हात ओढून लोणी लावलं. तानुबाई म्हणाली, लोणी कशाला वाया घालवतेस. तिला खरंच दुखलं नव्हतं. आत सगळं थंडीत हात बधिर व्हावा तसं झालं होतं. हात आपलाच असतो, पण कुणाचा तरी उसना घेतल्यासारखा वाटतो.

देवळात दर नाताळला एकच प्रकार. चार कडवी व्हायची. तानुबाई उभीच. एवढी शांतता पडायची की बाहेर बांधलेल्या बैलाचं रवंथ ऐकू यावं. मग भाईदास मास्तर खोकायचे आणि घाईने प्रार्थना सुरू करायचे. चार वर्षं असं झाल्यावर पोरंटोरं त्या खोकल्यालाच "मास्तरांचं पाचवं कडवं" म्हणू लागली.

हसण्यावारी न्यायला ते ठीक होतं. पण त्या थांबलेल्या कडव्यात आणखी एक जण अडकली होती. कुंदा आता बावीस-तेवीसची झाली होती. मिशनच्या दवाखान्यात झुलाल नावाचा कंपाउंडर, बायको प्लेगात गेलेली, बोलणं कमी, काम चोख. ओळीत कुणाला ताप नसतानाही कोयनेल वाटत फिरणारा खानदेशातला तो एकटाच कंपाउंडर असावा. कोयनेलची पुडी दर वेळी तानुबाईच्याच उंबऱ्यावर का संपते, हे कमलबाईच्या म्हशीलाही कळलं होतं. भाईदास मास्तरांनी हिंमत धरून तानुबाईकडे शब्द टाकला: कागद आला आहे, वर्षं लोटली आहेत, पाळकसाहेबांची ना नाही. तीन रविवार देवळात नावं वाचायची, की लग्न लागेल. पण कुंदा म्हणते, सासूने हो म्हटल्याशिवाय नाव वाचू नका.

तानुबाई म्हणाली, "तो येऊ दे. मंग देखू."

मास्तर घरी गेले. कुंदा मागच्या दारी दाणे पाखडत होती, तिचं सूप क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं. तानुबाईला ते ऐकू आलं. ऐकू आलं एवढंच.

एकवीस साली चौथ्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी कुंदाला एरंडोलहून निरोप आला की भावजय बाळंत होतेय, घरात बाई माणूस नाही. नाताळच्या आदल्या दिवशी परत येईन, असं सांगून ती गेली. जाताना उंबऱ्यात दोनदा थांबली, काही सांगायचं असल्यासारखी. तिने देवळीकडे पाहिलं, मग म्हणाली, तेल थोडं जास्त घाला, वारा आहे. तानुबाईने मान हलवली आणि नेहमीसारखं पळीभर घातलं.

मंगळवारी सकाळी ती उठली तर पणती विझलेली. वात काळी, तळ कोरडा. वारा, ती म्हणाली. संध्याकाळी देवळीच्या तोंडाला फुटक्या कौलाचा आडोसा केला.

बुधवारी पुन्हा विझलेली.

गुरुवारी तिने वात बारीक वळली. विझलेली. शुक्रवारी वात जाड. तीही विझलेली. तानुबाई पणती हातात घेऊन उभी राहिली. गार होती, म्हणजे विझून बराच वेळ झाला होता. चार वर्षांत एकदाही विझली नव्हती, आणि सून गेली त्याच दिवसापासून विझू लागली. तिचं डोकं हळू चालत होतं, पण चालत होतं. ती भिंतीपाशी गेली. कमलबाई धारेची कासंडी घेऊन येत होती. कित्येक महिन्यांनी तानुबाईने होऊन तिला हाक मारली आणि विचारलं, की तू पहाटे उठतेस, माझा दिवा किती वाजता विझतो ते कधी पाहिलंस का?

कमलबाईने कासंडी खाली ठेवली. अशा वेळी ती एरवी मीठमिरची लावल्याशिवाय सोडायची नाही. आज तिने साधंच सांगितलं.

"अक्का, तुना दिवा रोज इझस. पळीभर तेल कितलं पुरनार? मी धार काढाले उठस तवय अंधारच ऱ्हास. मंग तुनी वहू दळाले उठस, ती लावस. तू उठस तवय त्यो जळत ऱ्हास."

"रोज?"

"चार वरीस. बठ्ठी गल्लीले ठाऊक शे." मग थोडं थांबून, "पुनाभाऊ व्हता तवय नाताळना दिवा बी त्योच लावे, बैलेसले चारा टाकाले उठे तवय. तुले काय वाटनं, आपोआप जळस?"

तानुबाई घरात आली. उंबऱ्यावर बसली. पळी हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिली. साधा हिशोब होता: पळीभर तेल मध्यरात्रीपर्यंत. एवढं कुठल्याही बाईला कळतं. तिलाही कळत असणार. पण सकाळी दिवा जळताना दिसत होता, म्हणून तिने कधी विचारच केला नव्हता. म्हणजे ज्या वाटेवर तिने चार वर्षं दिवा ठेवला, ती वाट रोज अर्धी रात्र अंधारातच होती. सुकदेव आला असता तर अंधारात ठेचकाळला असता. हे मनात आल्यावर आपल्याला काहीतरी व्हायला हवं होतं, असं तिला वाटलं. काही झालं नाही. पण तिसरं कडवं तोंडात आलं, विझू न द्या गे, आणि त्याच्या मागून, वर्षातून एकदाच ओठांवर येऊ द्यायचं असलेलं पाचवं आलं. पुनाने तिसरं एवढं कडक का केलं आणि पाचवं तसं का केलं, हे तिने त्याला कधी विचारलं नव्हतं. बारा-तेरा नाताळ ते गायलं होतं. आज पहिल्यांदा त्याचे शब्द तिच्या कानावर पडले.

शनिवारी दुपारी कुंदा छकड्यातून उतरली. भावजयीला मुलगी झाली होती. गाठोडं ठेवून तिने सगळ्यांत आधी देवळीकडे पाहिलं. पणती तिथे नव्हती. तानुबाईच्या मांडीवर होती.

तानुबाईने विचारलं, का सांगितलं नाहीस?

कुंदाने पदराने तोंड पुसलं, धूळ पुसल्यासारखं. मग म्हणाली, "मी त्यासनी वाट कवयच सोडी दिन्ही, माय. दिवा मी तुमनासाठे लावत व्हतू. तुम्ही उठीसन इझेल दिवा देखतात तर..." ती गाठोडं सोडायला वळली.

तानुबाई तिच्याकडे बघत राहिली. ही मुलगी सतराव्या वर्षी या घरात एकटी पडली होती. दळायला उठायची, दिवा लावायची, आणि सासू उठायच्या आत पुन्हा जात्यापाशी जाऊन बसायची. अंधारात, कारण घरातलं तेल दारातल्या दिव्याला लागायचं. इतकी वर्षं जात्याची घरघर तानुबाई अंथरुणात ऐकत होती. तिला नेहमी वाटे, घरात कुणी आलेलं नाही.

ती म्हणाली, जेव. आणि भाकरी वाढली. भाजीत मीठ नव्हतंच. कुंदा तशीच जेवली.

नाताळच्या सकाळी देऊळ भरलं. धुळ्याहून पाळकसाहेब आले होते, कंपाउंडर नव्या सदऱ्यात दाराशी उभा होता, कमलबाई दुधाच्या निमित्ताने खिडकीबाहेर घोटाळत होती. तानुबाई उठली. पहिलं कडवं दिलं, मंडळीने उचललं. दुसरं, तिसरं, चौथं. मग नेहमीची शांतता. बैलाचं रवंथ. भाईदास मास्तरांनी सवयीने घसा साफ केला आणि खोकायला सुरुवात केली.

त्यांच्या खोकल्यावरच तिने ओळ दिली:

आला गे आला, न पुसता आला,
दिवा विझल्या त्या घरीही आला.

गाणं म्हणावं असं ते झालं नाही. आवाज सपाट होता, चाल दोन जागी खाली पडली. अंगण झाडावं तसं तिने ते म्हटलं. मास्तरांचा खोकला मध्येच अडकला. मंडळी इतकी चकित झाली की ओळ उचलायचीच विसरली. तानुबाई वाट बघत उभी राहिली. मग बायकांच्या बाजूने एकट्या कुंदाचा आवाज आला, बारीक, नाकातला, पण चालीत पक्का. तिच्यामागून एक एक करत सगळे आले. पाळकसाहेब नंतर म्हणाले की त्यांच्या अंगावर काटा आला. तानुबाईच्या अंगावर काही आलं नाही. डोळे कोरडे होते. सुकदेवच्या जागी कुणाचं तरी लेकरू लोळत होतं. ती ते बघत उभी होती आणि आला आला म्हणत होती, आणि आपल्याला आनंद झालेला नाही हे तिला स्पष्ट कळत होतं. गीतात मात्र आनंद झाला पाहिजे असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. दिवा विझलेल्या घरी आला, एवढंच होतं. तेवढं खरं होतं, म्हणून तिला म्हणता आलं.

बाहेर आल्यावर भाईदास मास्तर काहीतरी मोठं बोलायच्या तयारीत पुढे आले. तिने त्यांना बोलूच दिलं नाही. "मास्तर, येता रविवारपासून कुंदा आनि झुलालना नावं वाचा."

मास्तरांना कळलं, तरी मास्तरच ते, शंका काढलीच. कुंदा दुसऱ्या घरची झाली तर तानुबाईनंतर पाचव्या कडव्याचा मान कुणाकडे जाणार? मान पुनाच्या घराचा. मागे उभे असलेले चार-पाच जण लगेच जवळ आले. लग्न राहिलं बाजूला, ओळीला खरा प्रश्न हा होता.

तानुबाई म्हणाली, "जी दिवा लावस, तिना मान."

खिडकीजवळून कमलबाई मोठ्याने म्हणाली की मग तेलही आता कंपाउंडरच देईल, कोयनेलचा खर्च वाचला. सगळे हसले. झुलाल कानापर्यंत लाल झाला. कुंदाने पदर तोंडावर धरला. तानुबाई हसली नाही, पण कमलबाईकडे वळून म्हणाली, "तुनी म्हैस हंबरी राहिनी. जाय." इतक्या वर्षांनी मिळालेलं उत्तर घेऊन कमलबाई अशी घरी गेली, जसा काही धनाचा हंडा मिळालाय.

माघ महिन्यात लग्न लागलं. कुंदा चार घरं सोडून पलीकडे राहायला गेली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं पाचवं कडवं तिनेच दिलं. पिठाच्या डब्याखालचा कागद तानुबाईने शेवटपर्यंत काढला नाही आणि त्यावर अंगठाही उठवला नाही. पण त्या नाताळच्या संध्याकाळी तिने एक केलं.

दिवेलागण झाली. तिने पणतीत पळीभर तेल घातलं, मग आणखी एक पळी. वात लावली. सवयीने दारापर्यंत गेली, देवळीपुढे थोडी थांबली आणि पणती घेऊन तशीच आत वळली. जात्याजवळ, कुंदा बसते त्या बाजूला, जमीन हाताने पुसून तिने पणती खाली ठेवली. कुंदा चुलीपाशी होती. तिने विचारलं, दारात?

तानुबाई म्हणाली, दळणाऱ्याला दिसायला नको का? मग उठताना तिचं बोट पणतीच्या तापल्या कडेला टेकलं, आणि तिने ते चटकन मागे घेतलं.